करवंदी आणि उताणा पेंढोबा

एका जंगलात एक दवाखाना होता. जंगल खूप जुनं होतं. दवाखाना त्या मानाने नवा होता. आणि दवाखाना चालवणारं मंडळ जंगलापेक्षाही जुनं होतं.

मुलांनो, हे कसं शक्य आहे, असं विचारू नका. जरा मोठे झालात आणि एखाद्या संस्थेत नोकरीला लागलात की आपोआप कळेल.

दवाखान्याचे डॉक्टर एक सुतारपक्षी होते. ते सकाळी यायचे, प्रत्येक रुग्णाच्या छातीवर टकटक करायचे, मान डोलवायचे आणि उडून जायचे. उरलेला दिवस मदतनिसांचा. रुग्णांना धुवायचं, पुसायचं, भरवायचं, त्यांच्या खालची पानं बदलायची, त्यांचं रडगाणं ऐकायचं, ही सगळी कामं मदतनिसांची. या मदतनिसांना तयार करण्यासाठी दवाखान्याच्या मागे एक वर्ग चालायचा. तो वर्ग साळोजीमास्तर घ्यायचे.

साळोजीमास्तर हे साळींदर होते. तेही पूर्वी मदतनीसच होते. पण त्यांनी ज्याला हात लावला, त्याच्या अंगातले काटे काढायला आणखी एक मदतनीस लागायचा. तक्रारींचा पाऊस पडला. आता त्यांना घरी पाठवावं, असं कोणाच्या मनातही आलं नाही, कारण ते फार दिवसांचे होते. म्हणून मंडळाने त्यांना बढती देऊन मास्तर केलं. मास्तरांना रुग्णाला हात लावावा लागत नाही.

वर्गात शिकवायला रुग्ण हवा. जिवंत रुग्ण मास्तरांजवळ यायला तयार होईना. तेव्हा मास्तरांनी भाताच्या पेंढ्याचा एक रुग्ण बनवला. वेलींनी घट्ट बांधलेलं अंग, दोन हात, दोन पाय आणि डोक्याच्या जागी एक भोपळा. त्याचं नाव पेंढोबा.

पेंढोबा आदर्श रुग्ण होता. तो कण्हत नसे. अंथरूण ओलं करत नसे. मला घरी कधी सोडणार, असं दर घटकेला विचारत नसे. त्याच्यात एकच खोट होती. त्याला कुशीवर वळवलं की त्याचा भोपळा गळून पडायचा. म्हणून मास्तरांनी नियम केला की रुग्ण नेहमी उताणा असावा. उताणा रुग्ण म्हणजे ठीक असलेला रुग्ण. कुशीवर दिसला तर तो पडला असं समजावं आणि त्याला ताबडतोब उताणा करावा.

हळूहळू हा नियम फक्त पेंढोबापुरता होता, हे सगळे विसरले. नियम तेवढा राहिला. मुलांनो, नियमांचं बहुधा असंच असतं.

या दवाखान्यात करवंदी नावाची एक तरुण माकडीण मदतनीस म्हणून लागली. ती पलीकडच्या जंगलातल्या कॉलेजात शिकून आली होती. तिचे हात चपळ होते आणि जीभ हातांपेक्षा चपळ होती. हात सगळ्यांना आवडायचे.

तिच्या वाट्याला आल्या अस्वलमावशी. मावशी मधाच्या पोळ्यासाठी ऐनाच्या झाडावर चढल्या होत्या आणि फांदीसकट खाली आल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी टकटक केली आणि सांगितलं की हाड जुळेल, पडून राहा. मावशी पडून राहिल्या. उताण्या. मदतनीस येत, गोड हसत, चादर सरळ करत, मावशी उताण्या आहेत हे बघत आणि जात.

करवंदी पहिल्याच दिवशी मावशींजवळ गेली आणि तिने नाक वाकडं केलं. तिने मावशींच्या पाठीखाली हात घातला. केस गळले होते. कातडी गरम होती आणि एके ठिकाणी सोलवटून ओली झाली होती. ती जखम पडल्याने झालेली नव्हती. पडून राहिल्याने झाली होती. अशी जखम आत आत हाडापर्यंत जाते, आणि मग हाड जुळलं तरी अस्वल उरत नाही.

करवंदी लहानखुरी होती आणि मावशी म्हणजे एक टेकाड. पण वळवण्याला जोर लागत नाही, रीत लागते. करवंदीने मावशींचा एक गुडघा दुमडला. एक हात छातीवर आडवा ठेवला. मग स्वतःचा एक हात त्यांच्या खांद्यामागे आणि दुसरा कमरेमागे घालून त्यांना आपल्याकडे ओढलं. टेकाड सावकाश कलंडलं. मोडकी बाजू वर आली. करवंदीने दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये शेवरीच्या कापसाची उशी सारली, पाठीमागे दुसरी लावली आणि जखमेला वारा लागू दिला.

मावशींनी तिला आईमाईवरून शिव्या घातल्या.

त्या तिथेच थांबल्या नाहीत. दवाखान्याच्या दाराशी एक पोपट बसायचा. ज्याला जी तक्रार असेल ती त्याने पोपटाला सांगायची. पोपट ती पाठ करायचा आणि मंडळाच्या बैठकीत ज्याच्या त्याच्या आवाजात म्हणून दाखवायचा. मावशींनी पोपटाला बोलावून घेतलं आणि बराच वेळ त्याचा कान सोडला नाही.

करवंदीने तिकडे लक्ष दिलं नाही. ती मावशींना वळवत राहिली. पण संध्याकाळी तिची पाळी संपे. मग दुसरे मदतनीस येत, गोड हसत, चादर सरळ करत आणि कुशीवरच्या मावशींना बघून घाबरत. दोघेतिघे मिळून त्यांना पुन्हा उताण्या करत. सकाळी करवंदी येई तेव्हा जखम होती तिथे, किंबहुना थोडी पुढेच गेलेली.

एका सकाळी तिने पाळी संपवून निघालेल्या भेकरीला अडवलं. ही भेकर जातीची शिकाऊ हरणी वर्गात पहिली आलेली होती.

"मावशींना उताणं का केलंस?"

"ताई, त्या पडल्या होत्या."

"पडल्या नव्हत्या. मी त्यांना कुशीवर ठेवलं होतं. मागेपुढे उशा दिसल्या नाहीत तुला?"

"दिसल्या ना. त्या पण काढून नीट रचून ठेवल्या." भेकरीने मान खाली घातली. "आम्हाला तसंच शिकवलंय, ताई. कुशीवर ठेवलं आणि भोपळा गळाला तर?"

"मावशींना भोपळा नाहीये."

"परीक्षेत होता," भेकरी म्हणाली.

भेकरीचा राग करण्यात अर्थ नव्हता. ती गुणी मुलगी होती, जे शिकवलं ते मन लावून करत होती. हाच तर सगळा घोटाळा होता. करवंदीच्या ध्यानात आलं की आपले हात दोनच आहेत. मावशींना वाचवायचं तर या सगळ्यांचे हात शिकवायला हवेत. म्हणजे आपणच मास्तरीण व्हायला हवं.

योगायोग असा, की दवाखान्याला तेव्हाच आणखी एका मास्तराची गरज पडली. करवंदी मंडळापुढे जाऊन उभी राहिली.

मंडळाचे अध्यक्ष कूर्माजी होते. कूर्माजी म्हणजे कासव. ते इतके जुने होते की त्यांच्या पाठीवर शेवाळ उगवलं होतं आणि ते शेवाळही आता निवृत्तीला आलं होतं. जंगलात कोणी काही नवं सुचवलं की कूर्माजी डोकं आत घेत. बाहेर काढेपर्यंत सुचवणारा कंटाळून गेलेला असे. याला जंगलात शहाणपण म्हणत. तुमच्या घरातही असे एखादे आजोबा असतील. आत्ता त्यांच्याकडे बघू नका.

कूर्माजी म्हणाले की मास्तर व्हायचं तर आधी मास्तर होण्याचा वर्ग करावा लागेल. तो वर्गही साळोजीमास्तरच घेत. करवंदीने तोही केला. त्यात छडी कोणत्या हातात धरावी, खाकरावं कधी आणि किती, आणि प्रश्न विचारणाऱ्याकडे कसं बघावं म्हणजे तो दुसरा प्रश्न विचारत नाही, हे शिकवलं जाई. रुग्णाबद्दल त्यात काही नव्हतं. करवंदी कशीबशी पास झाली. खाकरण्यात ती फार कच्ची होती.

मग निवडीचा दिवस आला. मंडळ दगडी ओट्यावर बसलं. समोर सगळे शिकाऊ मदतनीस, मध्ये खाटेवर पेंढोबा, उताणा. त्या सकाळी करवंदीने मावशींची जखम पाहिली होती. आता उशीर झाला तर पुढे काही करता येणार नाही, हे तिला दिसलं होतं. म्हणून तिने मनाशी ठरवलं होतं की आज जीभ आवरायची.

जंगलातली रीत अशी होती, की ज्याच्याविरुद्ध सर्वांत कमी तक्रारी, तो सर्वांत लायक. आधी साळोजीमास्तरांचं नाव घेतलं गेलं, नमुना म्हणून. पोपटाने चोच उघडली आणि मिटली.

"एकही नाही?" कूर्माजींनी विचारलं.

"मास्तर झाल्यापासून एकही नाही."

"पेंढोबा कधी काही बोलला?"

"कधीच नाही."

मंडळाने समाधानाने मान हलवली. मास्तरांचे डोळे भरून आले. मग करवंदीचं नाव निघालं, आणि पोपट अस्वलमावशींच्या घोगऱ्या आवाजात सुरू झाला.

"ही पोरगी मला सुखाने पडू देत नाही. जरा डोळा लागला की आलीच. इकडे वळा मावशी, तिकडे वळा मावशी. मी काय तव्यावरची भाकरी आहे? ती दुसरी मुलं बघा किती गुणाची. हसतात आणि जातात."

हे बराच वेळ चाललं. पोपटाला मध्ये पाणी द्यावं लागलं.

"बघ मुली," कूर्माजी म्हणाले, "रुग्ण काय म्हणतो आणि पेंढोबा काय म्हणतो, ते तूच बघ."

"आजोबा, पेंढोबाला तोंडच नाही."

"उलट उत्तरं," कूर्माजी मंडळाला म्हणाले. मंडळाने ते ऐकून उसासा टाकला.

करवंदीने शक्य तितक्या मऊ आवाजात विनंती केली की मला शिकवून दाखवायचंय ते पेंढोबावर नको, अस्वलमावशींवर दाखवू द्या. मंडळाने नकार दिला. रुग्ण ही काय शिकायची गोष्ट आहे? बरं मग, ती म्हणाली, मंडळातल्या कोणी जरा आडवं व्हावं, म्हणजे मी वळवून दाखवते.

हे ऐकून कूर्माजी उभे राहिले. कासवाने उभं राहणं म्हणजे काय, हे दुरून कळत नाही, पण ते फार रागावले होते. आमच्या वेळी शिकाऊ मुलं मान वर करून बोलत नसत, असं ते म्हणू लागले. आमच्या वेळी, म्हणताना एक पाऊल पुढे आले. आमच्या वेळी, म्हणताना आणखी एक. तिथे ओटा संपत होता.

कूर्माजी खाली आले आणि पाठीवर पडले.

आता मुलांनो, कासव पाठीवर पडलं की त्याला स्वतःहून उलटता येत नाही. छाती दबते, दम कोंडतो आणि चारही पाय हवेत धावू लागतात. पण शिकाऊ मदतनीस मुळीच गडबडले नाहीत. ते शिस्तीत पुढे आले. कूर्माजींकडे पाहून गोड हसले. त्यांच्यावर चादर घातली आणि सरळ केली. मग भेकरीने वाकून पाहिलं.

"रुग्ण उताणा आहे," तिने जाहीर केलं. "ठीक आहे."

"छान," साळोजीमास्तर म्हणाले. "एक पायरी चुकली नाही."

"मास्तर, याचे पाय हलताहेत."

मास्तर विचारात पडले. पेंढोबाचे पाय कधी हलले नव्हते. "धरून ठेवा," ते म्हणाले.

चौघांनी चार पाय धरले. चादरीखालून कूर्माजींचा बारीक आवाज आला की मला उलटं करा. पण बोलणारा रुग्ण अभ्यासक्रमात नव्हता. मुलं पुन्हा एकदा गोड हसली.

खोटं कशाला सांगू, करवंदी क्षणभर हाताची घडी घालून नुसती उभी राहिली. तिच्या मनात जे आलं ते तुमच्या वयाच्या मुलांना सांगण्यासारखं नाही. पण चादर आता फारच कमी हलत होती. तिने एका उडीत चादर फेकून दिली.

"पाय सोडा," ती म्हणाली. "भेकरे, इकडे ये, माझ्या बाजूला. हात कवचाच्या कडेखाली. एक पुढे, एक मागे. ढकलायचं नाही, आपल्याकडे ओढायचं. तोंडाकडे बघत राहा, श्वास चालू आहे का ते बघ. बाकीचे तिकडून आधार द्या, आपटायला नकोत. आता सगळे मिळून."

कूर्माजी कलंडले, कडेवर तोलले आणि सावकाश चारी पायांवर आले. त्यांनी एक मोठा श्वास घेतला. मुलं स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. आपल्या हातांनी असं काही होतं, हे त्यांना नवीन होतं.

"वजन कुठे गेलं, ताई?" भेकरीने हळूच विचारलं.

"कुठे नाही गेलं. त्याचं त्यानेच उचललं. तू फक्त वाट दाखवलीस."

कूर्माजी पाणी प्यायले. त्यांनी शेवाळ नीट केलं. आणि बोलायला येताच त्यांनी पहिलं काम केलं ते पोपटाला बोलावण्याचं.

"या मुलीने," ते म्हणाले, "भर बैठकीत, परवानगी न घेता, वडीलधाऱ्याला पालथं घातलं."

पोपटाने ते लगेच पाठ केलं.

मंडळाने निर्णय दिला. करवंदीविरुद्ध आधीच पुष्कळ तक्रारी होत्या आणि आता खुद्द अध्यक्षांचीही होती. तिला मास्तर करता येणार नाही. मात्र घडल्या प्रकारात थोडी गफलत झाली, हे मंडळाने मोठ्या मनाने मान्य केलं. दोष कोणाचा, यावर खूप चर्चा झाली. तो मास्तरांचा नव्हता, कारण त्यांच्याविरुद्ध तक्रार नव्हती. मंडळाचा असण्याचा प्रश्नच नव्हता. शेवटी तो पेंढोबाचा निघाला. पेंढोबा हलत नाही, म्हणून मुलांना हलणाऱ्या रुग्णाची सवय नाही. तेव्हा पेंढोबाला काढून त्याच्या जागी हलणारा पेंढोबा नेमावा.

"हिला नेमा," कूर्माजी म्हणाले. "हिला फार हलायची हौस आहे."

ही शिक्षा होती, हे सगळ्यांना कळलं. करवंदीच्या तोंडात एक असं उत्तर आलं की ओट्याचा दगड तडकला असता. पलीकडच्या जंगलाची वाट समोर दिसत होती. ती धरायची आणि मागे वळून बघायचं नाही, एवढंच उरलं होतं. पण त्या वाटेला लागूनच मावशींची खाट होती. मावशी उताण्या होत्या. सकाळच्या मुलांनी चादर सरळ करून ठेवली होती.

करवंदीने ते उत्तर गिळलं आणि त्याऐवजी एकच प्रश्न विचारला.

"पेंढोबाने बोलू नये, असा काही नियम आहे का?"

मंडळाने ऊन कलेपर्यंत खल केला. तसा नियम नव्हता. तशी वेळच कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. मास्तर छडी घेऊन उभे होते. खाटेवर करवंदी पडली होती, उताणी. पेंढोबाच्या जागेला भोपळा हवाच असल्यामुळे तो तिच्या उशाशी ठेवला होता. मास्तर खाकरले. मुलं पुढे आली, गोड हसली आणि त्यांनी चादर सरळ केली.

"रुग्ण उताणा आहे, ठीक आहे," भेकरी म्हणाली.

"ठीक कसला? पाठ जळतेय माझी," खाटेवरून उत्तर आलं. "आणि हसतेस काय नुसती? आधी विचार, कुठे दुखतंय. मग माझा गुडघा दुमड. माझा, तुझा नव्हे. हं, आता हात कमरेमागे. खूर रुतवू नकोस की जरा. तुला कोणी असं धरलं तर चालेल का?"

"वर्गात कोण बोलतंय?" मास्तरांनी विचारलं.

"रुग्ण, मास्तर."

मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे तिच्याकडे बघितलं. तिने शिकल्याप्रमाणे त्यांच्याकडे बघितलं. मास्तर पुन्हा एकदा खाकरले आणि सावली बघून बसले. थोड्याच दिवसांत त्यांना तिथे झोप लागू लागली.

करवंदी खाटेवरून शिकवत राहिली. ती कण्हायची, सांडायची, रुसायची, भरवलेलं थुंकायची, मध्येच घरी जाते म्हणून उठायची. मुलं आधी रडकुंडीला आली, मग हुशार झाली. मावशींना आता सकाळ, दुपार, संध्याकाळ कोणी ना कोणी वळवू लागलं. जखम सुकली, खपली धरली आणि मग तिथे बारीक काळे केस आले. मावशींनी प्रत्येक मदतनिसाविरुद्ध वेगळी तक्रार केली. पोपटाचा घसा बसला आणि दवाखान्याला आणखी एक पोपट ठेवावा लागला.

यथावकाश मावशी स्वतःच्या पायांनी घरी गेल्या. आठवडा जातो न जातो तोच दोन्ही पोपटांसमोर येऊन उभ्या राहिल्या. घरी आपल्याला कोणी वळवत नाही, त्यामुळे झोप लागत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

पुढे दवाखान्याचा वर्धापनदिन आला. असे मदतनीस याआधी तयार झाले नव्हते, असं सगळ्यांनीच सांगितलं. म्हणून साळोजीमास्तरांचा सत्कार झाला. शिकवणं ही तपश्चर्या आहे, असं ते भाषणात म्हणाले. त्यांना घातलेली शाल काट्यांत अडकली आणि ती काढायला कोणी धजावेना, त्यामुळे ते अजूनही ती घालूनच फिरतात. कूर्माजीही खूप वेळ बोलले. त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन मदतनीस हात तयार ठेवून उभे होते.

करवंदीला नवा भोपळा मिळाला. तो तिने मुलांबरोबर भाजून खाल्ला.

मास्तरीण कधी होणार, असं तिला अजूनही कोणी कोणी विचारतं. ती म्हणते, होईन की, पण सध्या उभं राहायला सवड नाही.

तात्पर्य: मुलांनो, ज्याच्याविरुद्ध एकही तक्रार नाही, त्याला मास्तर करावं आणि शाल घालावी. ज्याच्याविरुद्ध पुष्कळ तक्रारी आहेत, त्याच्या हाताखाली आजारी पडावं. आणि घरातले वडीलधारे कधी उताणे पडून पाय झाडताना दिसले, तर घाई करू नये. हात लावायची परवानगी आहे का, ते आधी नम्रपणे विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत शांतपणे थांबावं.